साइडकारमधली जागा

फटफटी मला हवी होती, वडिलांना नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे गोष्टी अशा फिरल्या की चाळीतल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्याला या वयात थेर सुचले आणि बिचाऱ्या मुलाच्या जिवाला घोर लागला. तसं नव्हतं. थेर माझे होते.

लढाई संपून दहाएक वर्षं झाली होती. आम्ही घाटकोपरला दोन खोल्यांत राहत होतो. मी, बायको आणि वडील. आई मी मॅट्रिकला असतानाच गेली. मी भांडुपला रंगाच्या एका कारखान्यात टाइमकीपर होतो. कामगार फाटकातून आत येतात केव्हा आणि बाहेर जातात केव्हा ते लिहून ठेवायचं, एवढंच माझं काम. माणसं यायची, जायची, मी आपला खिडकीमागे. सत्तावीस वर्षांच्या माणसाला हे काम दिलं तर त्याच्या डोक्यात काय काय शिरेल याचा भरवसा नसतो. माझ्या डोक्यात फटफटी शिरली.

कारखान्याच्या कामासाठी मला कधीमधी अंधेरीला जावं लागे. तिथे कुर्ला रोडच्या आतल्या अंगाला एक जुनं ख्रिस्ती गावठाण होतं. तोंडाशी क्रूस, मागे भाताची खाचरं आणि कौलारू घरं. त्यातल्या एका घराच्या पडवीत ताडपत्रीखाली काहीतरी मोठं झाकून ठेवलेलं मी दोन-तीनदा पाहिलं होतं. एकदा सायकल थांबवली आणि ताडपत्रीची कड उचलली.

"कोण रे तू?" आतून आवाज आला. "चोर असशील तर आत्ताच सांगतो, घरात काही नाही. जे आहे ते बाहेर आहे."

गाडीचा मालक रेल्वेच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला फिटर होता. मी त्याला अंकल म्हणू लागलो. बायको वारलेली, मुलगा बोटीवर, दोन्ही गुडघे गेलेले. फटफटी विलायती होती, लष्कराच्या लिलावातली, आणि तिच्या डाव्या अंगाला साइडकार जोडलेली होती. त्या साइडकारमध्ये बायकोला बसवून हा माणूस बंगळूर, उटी, गोव्याची हद्द असं सगळीकडे फिरून आला होता. लांब जाण्यासाठीच बांधलेली गाडी ती. टाकी मोठी, मागे ट्रंक बांधायला लोखंडी चौकट, सीट पलंगासारखी रुंद. किक मारायच्या आधी एक छोटी तरफ दाबून धरावी लागायची, नाहीतर किक उलटी येऊन नडगी फोडायची. अंकलने पँट वर करून नडगीवरचा व्रण मला दाखवला.

"विकणार का?" मी विचारलं.

"विकायची तर आहेच. पण घेणारा बघून." त्याने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "तू काय करणार हिचं? कारखान्यात जाणार हिच्यावरून? त्यापेक्षा गाढव घे."

मी म्हटलं, फिरणार. कुठे, ते माझं मलाही माहीत नव्हतं. पैशांची सोय कारखान्याच्या पतपेढीतून होण्यासारखी होती, अडचण ती नव्हती. अडचण एवढीच की आमच्याकडे तोपर्यंत कोणी सायकलीपेक्षा मोठं काही घेतलेलं नव्हतं, आणि मोठी वस्तू घरात सांगितल्याशिवाय घ्यायची नाही अशी रीत होती. म्हणून मी घरी सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

वडील गिरणीत पिंजण खात्यात होते. कापसाचे तंतू उडतात तिथे. तीस वर्षं ते तंतू त्यांनी छातीत घेतले आणि पेन्शनीऐवजी दमा घेऊन बाहेर पडले. लालबागची खोली सोडून मी त्यांना मोकळ्या हवेसाठी घाटकोपरला आणलं होतं. मोकळ्या हवेत ते गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि खोकायचे. चार वर्षं झाली, गावाला गेले नव्हते. गिरणीत असताना त्यांनी गावची जत्रा कधी चुकवली नव्हती. रजा मिळाली नाही तर खाडा करून जायचे. आता रजाच रजा होती आणि जाता येत नव्हतं.

आगबोटीने जायचं तर आमच्या बंदरात बोट धक्क्याला लागत नाही. ती समुद्रात उभी राहते आणि खालच्या हेलकावणाऱ्या पडावात, लहान होडीत, उडी टाकावी लागते. शेवटच्या खेपेला दोन माणसांनी धरून वडिलांना जेमतेम उतरवलं होतं. येताना ते घाटावरून सर्व्हिस मोटारीने आले. वाटेत खोकल्याची उबळ आली. शेजारची बाई पोराला घेऊन उठली, मग पुढचा उठला. कोणीतरी 'क्षय' असा शब्द उच्चारला. क्लीनरने त्यांना आधी मागच्या बाकावर बसवलं आणि पुढच्या थांब्यावर सांगितलं, बाबा, मागून दुसरी गाडी येतेय, तिच्यातून या. दुसरी गाडी संध्याकाळी आली. तोवर ते ट्रंकेवर बसून होते. ही हकीकत त्यांनी मला एकदाच सांगितली. त्यानंतर गावाला जायचा विषय त्यांनी काढला नाही.

त्या माणसापुढे मी ऐटीत म्हणालो, "एक फटफटी बघून आलोय. बाजूला एक माणूस बसेल अशी गाडी जोडलेली आहे."

बायको हसली. तिला वाटलं ती जागा तिची. वडील मात्र हसले नाहीत. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"बाजूच्या गाडयेत किती माणसा बसतत?"

"एकच."

"एकच?" त्यांनी पुन्हा विचारलं. "म्हणजे शेजारी कोण नाय?"

"शेजारी मी. पण मी गाडीवर."

वडिलांनी खुर्ची आणखी जवळ ओढली. मग म्हणाले, "तर मगे माका थयसून कोण उठयतलो?"

मी मुंबईत वाढलो, त्यांना उत्तर शहरी मराठीतच द्यायचो. पण त्या वेळी त्यांच्याच बोलीत म्हणालो, "कोण नाय." त्या क्षणापासून फटफटी माझी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुतळी मागितली. भिंतीला पाठ लावून, पाय लांब करून बसले आणि बायकोकडून कमरेपासून टाचेपर्यंत माप घेऊन सुतळीला गाठ मारायला लावली. ती सुतळी खिशात घालून मी अंधेरीला गेलो आणि साइडकारमध्ये लावून पाहिली. गाठीच्या पुढे चार बोटं जागा उरत होती. अंकल दारात उभा राहून हे बघत होता.

"मयताचं माप घेतोस काय रे?" तो म्हणाला. मग मी सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "घेऊन ये त्याला. बसू दे."

एका रविवारी सकाळी मी वडिलांना टॅक्सी करून अंधेरीला नेलं. त्यांनी कोट घातला होता आणि डोक्याला मफलर गुंडाळला होता. अंकलने साइडकार पुसून ठेवली होती, आत बायकोच्या वेळची गादी घातली होती. गुडघे गेलेले असूनही तो स्वतः गाडीवर बसला. "पहिली फेरी मी मारणार," म्हणाला, "तू पायी ये." ते दोघे म्हातारे गावठाणातून निघाले, खाचरांच्या कडेकडेने मरोळच्या बाजूला दिसेनासे झाले. मी क्रूसापाशी उभा राहून आवाज ऐकत होतो. दूर जातो, पुन्हा जवळ येतो. परत आले तेव्हा वडिलांच्या डोळ्यांतून वाऱ्याने पाणी वाहत होतं आणि ते खोकत नव्हते. पाऊण तासात एकदाही खोकले नव्हते. अंकलने हे मला बोट दाखवून सांगितलं, जणू ती करामत गाडीचीच.

"वारो समोरसून येता," वडील म्हणाले, "म्हणान छातयेत काय रवणा नाय." त्यांनी दमट पानं, चिखल, म्हशी असं काय काय पाहिलं ते घरी येईपर्यंत सांगितलं. इतकं बोलताना मी त्यांना आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण आनंदापेक्षा भीती मोठी होती.

कारण फेरी अंकलने मारली होती. गावापर्यंत मला मारायची होती.

त्यानंतर दर रविवारी मी शिकायला जाऊ लागलो. साइडकारवाली गाडी साध्या फटफटीसारखी वागत नाही. वेग वाढवला की डावीकडे ओढते, ब्रेक लावला की उजवीकडे. डावीकडे वळताना साइडकार रिकामी असेल तर तिचं चाक जमिनीवरून उचलतं. "रिकामी असताना वाळूची गोण टाकायची," अंकलने पहिल्याच दिवशी बजावलं होतं. दोन रविवार मी गोण टाकली. तिसऱ्या रविवारी अंकलला ताप होता, तो आत पडून होता, आणि मला गोण उचलायचा कंटाळा आला. मरोळच्या वळणावर चाक उचललं. घाबरून मी हँडल सरळ केलं आणि गाडी रस्ता सोडून शेजारच्या चरात उतरली. मला खरचटलं, गाडीला एक पोचा आला. एका गवळ्याने हात दिला आणि आम्ही ती बाहेर काढली. पोचा मी अंकलला दाखवला, तो म्हणाला, "एवढंच? मी तिला दोनदा ओढ्यात घातलीय." पण मी सायकलवर न बसता ती ढकलतच घरी आलो. मला सारखा दिसत होता तो गावच्या वाटेवरचा घाट. आंबोलीची वळणं, खाली दरी, साइडकारमध्ये मफलर गुंडाळलेले वडील, आणि हँडलवर मी.

घरी मी काहीच बोललो नाही. बायकोने कोपराकडे बघून विचारलं तर सायकलवरून पडलो म्हटलं. खोटं बोलायची सुरुवात तिथे झाली असावी.

एव्हाना वडिलांनी गावाला पत्र घालायचं ठरवलं होतं. "लोखंड घरात हाडूच्या आधी देवाक इचारूक होया," ते म्हणाले. आमच्या लोकांत हे असंच. लग्न, खोली, नोकरी, म्हशीचा सौदा, काहीही असो, ग्रामदैवताला कौल लावल्याशिवाय होत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला डावी-उजवीकडे ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी कळी पडली तर देव राजी, डावी पडली तर नाही. माझं लग्नही असंच ठरलं होतं. मुंबईत बसलेल्यांचे प्रश्न कार्डावरून जातात आणि उत्तरं कार्डावरून येतात. वडिलांना अक्षर येत नव्हतं. त्यांची पत्रं मी लिहायचो आणि आलेली मीच वाचून दाखवायचो. शाळेत जायला लागल्यापासून माझ्याकडे हे काम होतं.

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. "फटफटी घेवन जत्रेक येवचा असा मनात आसा. झील चलयतलो, मी बाजूक बसतलंय. येव का नको, ता देवाक इचारून कळव." 'झील'चा 'मुलगा' करून, सगळं शुद्ध मराठीत उतरवून मी कार्ड टाकलं. माझा कौलावर अर्धा विश्वास होता. पूर्ण असता तरी चाललं असतं, अजिबात नसता तरी चाललं असतं. रोज संध्याकाळी दिवा लागला की वडील भिंतीवरच्या तसबिरीपुढे उभे राहून आपलं गाऱ्हाणं घालायचे, आणि त्यांच्या मागे उभा राहून मी मनातल्या मनात म्हणायचो, डावा दे, देवा, डावा दे.

उत्तर आलं एका शनिवारी. कारखाना अर्धा दिवस असायचा. बायको नळावर गेली होती, वडिलांचा गॅलरीत डोळा लागला होता. पोस्टमनने कार्ड माझ्या हातात दिलं. गावच्या मास्तरांचं अक्षर होतं, गुरवासाठी तेच लिहायचे. लिहिलं होतं, पहिल्याच खेपेस उजवा पडला, गाऱ्हाणे पुरे होण्याच्या आतच पडला. देव राजी आहे. निःशंक यावे. जत्रेस वाट पाहतो.

मी ते तीनदा वाचलं. तेवढ्यात वडील जागे झाले.

"गावचा कार्ड?"

"हो."

"वाच बघूया."

आता कोणी विचारलं तर मी सांगू शकतो की मला त्यांच्या जिवाची काळजी होती. ते खोटं नाही. घाटात गाडी बंद पडली असती, त्यांना धाप लागली असती, मी एकट्याने काय केलं असतं? पण खरं असं की मला माझी काळजी होती. मी भ्यालो होतो, आणि भ्यालो हे बापाला सांगायची लाज वाटत होती. देवाने नाही म्हटलं तर मला काही सांगावं लागणार नव्हतं.

"डावा पडला," मी म्हणालो.

ते खुर्चीत सरळ झाले. "परत इचारल्यान काय रे?"

इथेही मला थांबता आलं असतं. मी कार्डाकडे बघून म्हणालो, "दोनदा विचारलं. दोन्ही खेपेला डावाच."

"बरा," वडील म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बरा. नको तर नको." खुंटीवरची सुतळी काढून त्यांनी बायकोला दिली, मिरच्यांच्या पिशवीला होईल म्हणून.

कार्ड मी फाडणार होतो. देवाचा शब्द लिहिलेला कागद फाडायचा धीर झाला नाही. माझ्या मॅट्रिकच्या सर्टिफिकेटाखाली ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी अंधेरीला जाऊन मी अंकलला नाही म्हणून सांगितलं. तो चिडेल असं वाटलं होतं. त्याने नुसती ताडपत्री ओढून घेतली.

"घाबरलास," तो म्हणाला.

"तसं नाही, अंकल. घरून नाही म्हणाले."

"कोण, तुझा बाप?" तो हसला. "तुझा बाप ती गाडी तुझ्यापेक्षा बरी चालवील." पुढे काही महिन्यांनी ती गाडी मालाडच्या एका पाववाल्याने घेतल्याचं कळलं. त्याने साइडकारचं डबडं काढून तिथे पावांची पेटी बसवली होती.

मला वाटलं होतं, फटफटीचं प्रकरण मिटलं. आता जत्रेच्या आधी सबंध टॅक्सी करीन, नाहीतर आगबोटीवर ओळखीचे दोन खलाशी गाठीन, त्यांना पाठुंगळी मारून उतरवीन, पण नेईन. खरोखरच मनात तसं होतं. दिवाळी झाल्यावर मी तसं त्यांना म्हटलं.

"खय?" ते म्हणाले.

"गावाला. जत्रेला."

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं जणू मी काहीतरी अभद्र बोललो होतो. "वाटेचो प्रश्न नाय रे," ते म्हणाले. "देवान येव नको सांगल्यान."

"ते फटफटीबद्दल होतं, बाबा."

"मी काय इचारलंय? येव का नको, असा इचारलंय. दोनदा इचारल्यान. दोनदा डावो." मग भिंतीकडे बघून म्हणाले, "माझा काय चुकला ता माका आठवूक होया."

मला हे सुचलंच नव्हतं. मी फटफटी मोडीत काढली असं समजत होतो, आणि त्यांना ऐकू आलं होतं ते असं की ज्याच्या पायाशी आयुष्यभर गेलो त्याने आता येऊ नकोस म्हणून सांगितलं. सर्व्हिस मोटारीतून उतरवलं तेव्हा निदान मागून दुसरी येणार होती.

ते आपली चूक शोधू लागले. गॅलरीत बसून शोधायचे. एका संपाच्या वर्षी जत्रेला गेले पण नारळ ठेवायचा राहिला, तो आठवला. माझ्याकडून गुरवाला पत्र घालून नारळ ठेववला. मग भावाशी बांधावरून झालेलं भांडण आठवलं. भाऊ मरून दहा वर्षं झाली होती. मग आईच्या आजारात रागाच्या भरात देवाला एकदा शिवी दिली होती, ती आठवली. ती त्यांनी मला सांगितली तेव्हा त्यांचा आवाज लहान झाला होता. "ताच असात," म्हणाले. संध्याकाळी दिवा लागला की ते तसबिरीपुढे उभे राहायचे ते बंद झालं. खुर्चीवरूनच हात जोडायचे, तेही बायकोने आठवण केली तर. दारातून परत पाठवणाऱ्याला रोज रोज हाक कशी मारायची, असं त्यांना वाटत असणार. मला विचारायचं धाडस झालं नाही.

मी उद्या सांगीन म्हणत होतो. त्या वर्षीची जत्रा आली आणि गेली. त्या दिवशी ते जेवले नाहीत. मी बायकोला खरं सांगितलं ते त्या दिवशी. ती तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

"आत्ता जाऊन सांगा त्यांना," ती म्हणाली. "आत्ता. मी इथे बसते."

"आज उपाशी आहेत. उद्या सांगतो."

"तुमचा उद्या काही यायचा नाही," ती म्हणाली आणि पुन्हा तांदूळ निवडू लागली. तिने नंतर कधी विचारलं नाही, पण मी वडिलांना काही वाचून दाखवायला बसलो की ती उठून बाहेर जायची. वर्तमानपत्रसुद्धा.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात ते अंथरुणाला खिळले. श्रावण संपता संपता डॉक्टर मला जिन्यात घेऊन म्हणाले, कोणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. त्याच दुपारी मी सर्टिफिकेटाखालचं कार्ड काढलं आणि त्यांच्या उशाशी जाऊन बसलो. बायको दारात उभी राहिली. आता उद्या म्हणायची सोय उरली नव्हती.

"बाबा," मी म्हणालो, "हे गेल्या सालचं गावचं कार्ड. मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं. देवाने उजवा दिला होता."

त्यांनी डोळे उघडले. मी कार्ड वाचलं. पहिल्याच खेपेस उजवा पडला, गाऱ्हाणे पुरे होण्याच्या आतच पडला. देव राजी आहे. निःशंक यावे.

"परत वाच," ते म्हणाले.

मी परत वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि मला वाटलं, सुटलो. आता शिव्या देतील, तोंड फिरवतील, काहीही करतील, पण त्यांचा देव त्यांना परत मिळेल. ते हसले. मायेने हसले.

"बरा वाचतंस," ते म्हणाले. "माका बरा वाटाचा म्हणान वाचतंस, ता काय माका कळणा नाय?"

"नाही, बाबा. खरंच असंच लिहिलंय. मी तेव्हा खोटं बोललो. मला गाडी चालवायची भीती वाटत होती."

"असांदे रे."

मी बायकोला हाक मारली. ती चौथी शिकलेली, अक्षर लावून लावून वाचायची. तिने कार्ड हातात घेतलं आणि एकेक शब्द मोठ्याने वाचला. उजवा. पडला. देव. राजी. वडिलांनी तिचं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "तिका पण शिकयलंस?"

कार्ड मी त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं. त्यांनी ते बोटांनी चाचपलं आणि बाजूला ठेवलं. त्यांच्यासाठी त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आयुष्यभर त्यांना कागदातलं जे कळलं ते माझ्या तोंडून. दुसरं माप त्यांच्याकडे नव्हतं. मी तसबिरीकडे हात करून शपथ घ्यायला लागलो, तर त्यांनी कसाबसा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला.

"देवाची शपथ खोटी घेव नको," ते म्हणाले. "माझ्यासाठी तरी नको. फुडे तुका पोराबाळांचा बघूचा आसा."

त्यानंतर ते नऊ दिवस होते. भेटायला गिरणीतली जुनी माणसं यायची, गाववाले यायचे, चाळीतले लोक यायचे. मी त्यांना चहा द्यायचो. वडील प्रत्येकाचा हात धरून, माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "माझो झील आयुष्यात कधी खोटा बोलूक नाय. एकदाच तो बोललो, आणि ता माझ्यासाठी." लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी कपबशा गोळा करून आत न्यायचो.